इंगोले बाईंचे तीस दिवस

मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते. सगळ्यांनी उचलले, तोंडात टाकले, अभिनंदन केलं. खिडकीजवळ एक ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या बाई वह्या तपासत बसल्या होत्या. त्यांनी पेढा बोटांत धरला, नाकाजवळ नेला आणि मला विचारलं, "कोन्या दुकानातला हाय? कवा आनला?"

मी दुकान सांगितलं, काल संध्याकाळी आणला असंही सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पेढा कागदात गुंडाळून डब्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "पेढा चांगला होता. बाकीच्याईले काई झालं नाई, मंग खाल्ला."

इंगोले बाईंची आणि माझी ओळख झाली ती अशी.

आमची शाळा मूर्तिजापूरपासून बसनं अर्ध्या तासावरच्या गावात, खाजगी संस्थेची, अनुदानित. मी मूर्तिजापूरला राहते, मराठी शिकवते. बाई अकोल्याहून रोज येत-जात आणि विज्ञान शिकवत. यजमान लवकर गेले होते, एकच मुलगी, तिला त्यांनी एकटीनं वाढवलं. पण त्या हे कधी सांगत बसल्या नाहीत. स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट पुढे कोण कशी वापरेल याचा भरवसा त्यांना नसावा.

भरवसा त्यांचा कशावरच नव्हता. शिपाई परिपत्रक घेऊन यायचा तेव्हा आम्ही बाकीचे चालता चालता सही ठोकत असू. बाई मात्र बसून, चष्मा पुसून, पूर्ण वाचत. मग कागद उलटा करून मागची कोरी बाजूही बघत. मग सही, सहीखाली तारीख, तारखेखाली वेळ. एकदा माझी सही बघून त्या म्हणाल्या, "सरोदे मॅडम, तारीख कुठी हाय?"

मी म्हटलं, आज काय तारीख आहे ते सगळ्यांनाच माहीत आहे.

"आज माहीत हाय. चार सालानं कोनाले माहीत राह्यन?"

वाद नको म्हणून मी तारीख टाकली. पुढे त्यांच्या नजरेच्या धाकानं टाकत राहिले आणि नंतर हाताला सवयच लागली.

शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेली सूचना त्या सूचना मानत नसत. मूर्तिजापूरच्या झेरॉक्सवाल्याकडून तिची छापील प्रत काढून आणत आणि मुख्याध्यापकांपुढे सहीसाठी ठेवत. बसच्या कपाळावर 'अकोला' लिहिलेलं असलं तरी पायरीवर एक पाय ठेवून ड्रायव्हरला विचारत, अकोल्यालाच जाते ना. मागच्या लोकांची रांग खोळंबली तरी उत्तर मिळाल्याशिवाय दुसरा पाय उचलत नसत.

हे सगळं गमतीचं वाटतं, पण ते नेहमी गमतीचं नव्हतं. एकदा त्यांच्या कपाटातले कागद कुणीतरी चाळल्याचा त्यांना संशय आला आणि त्यांनी शिपायावर सर्वांसमोर आळ घेतला. तो बिचारा रडकुंडीला आला. दोन दिवसांनी कळलं की परीक्षा विभागाच्या सरांनी उत्तरपत्रिका शोधताना ते कपाट उघडलं होतं. बाई तशाच उठल्या, शिपायाला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि सगळ्यांच्या देखत हात जोडून म्हणाल्या, माझी चूक झाली. आम्हाला वाटलं, आता या बदलतील. दुसऱ्या दिवशी कपाटाला नवं कुलूप होतं.

वर्गात मात्र हाच स्वभाव मुलांना फार आवडायचा. आठवीच्या पहिल्या तासाला त्या दोन बाटल्या घेऊन जात. एकीवर 'आम्ल' अशी चिठ्ठी, दुसरीवर 'पाणी'. मुलांना विचारत, यात काय आहे? मुलं चिठ्ठी वाचून सांगत. मग त्या निळा लिटमस कागद बुडवून दाखवत. पाण्याच्या बाटलीतला कागद लाल व्हायचा. वर्गात एकच हशा. त्या हसत नसत. विचारत, "हे लेबल कोनं लावलं?" मुलं म्हणत, बाई, तुमीच. "मंग माया लेबलवर तुमी इश्वास कसा ठेवला?"

त्या मुलांपैकी एक मुलगी आता अमरावतीला औषधांच्या दुकानात काम करते. मागे भेटली तेव्हा म्हणाली, खोक्यावरचं नाव मी आजही दोनदा वाचते.

आता मुख्य गोष्ट सांगते.

शाळेला मागच्या बाजूनं चार खोल्या नव्यानं बांधल्या होत्या. आमच्याकडची जमीन काळी, पावसात फुगणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळणारी. अशा जमिनीत पाया खोल लागतो हे गावातल्या कुणालाही माहीत आहे. या खोल्यांचा पाया किती खोल गेला हे मात्र बांधणाऱ्यालाच माहीत, आणि बांधणारा संस्थेच्या सचिवांचा साडू होता. सचिवांना सगळे बापूसाहेब म्हणत. माणूस आवाज न चढवणारा. बोलताना समोरच्याचा हात हातात घ्यायचे. बाई त्यांच्याशी बोलताना दोन्ही हात पदरात ठेवत.

दोन वर्षांतच त्यांतल्या आठवी ब च्या दाराच्या वर भिंतीत तिरपी भेग दिसू लागली. मुख्याध्यापक म्हणाले, वरचं प्लास्टर आहे, सुटतंच. बाईंनी प्रयोगशाळेतून सूक्ष्मदर्शकाची एक काचपट्टी आणली, स्टुलावर चढल्या आणि प्लास्टर ऑफ पॅरिसनं ती भेगेवर आडवी चिकटवली. दोन टोकं भेगेच्या दोन बाजूंना. काचेवर तारीख लिहिली. मला म्हणाल्या, भेग नुसती प्लास्टरची असेल तर काच तशीच राहील. भिंत हलत असेल तर काच तुटेल.

एकवीस दिवसांनी काच मधोमध तुटली.

त्यांनी दुसरी लावली, तीही तुटली. मुख्याध्यापक म्हणाले, काचच ती, तुटणारच. तेव्हा बाईंनी एक काचपट्टी चांगल्या भिंतीवर लावली. ती तुटली नाही. तिन्ही काचांच्या तारखा लिहून त्यांनी मुख्याध्यापकांना पत्र दिलं, मग दुसरं, मग तिसरं. प्रत्येक पत्राच्या प्रतीवर पोच घेतली. उत्तर आलं नाही. मग एके सकाळी त्यांनी आठवी ब ची मुलं बाहेर कडुनिंबाखाली बसवली आणि तिथंच फळा मांडून शिकवायला लागल्या. मुख्याध्यापकांनी मुलांना परत आत घालायला सांगितलं. बाई म्हणाल्या, तसं लिहून द्या, घालते. लिहून कुणी दिलं नाही.

त्या आठवड्यात त्यांनी शिक्षणाधिकाऱ्यांना अकोल्याला पत्र पाठवलं. अभियंते आले, त्यांनी ठोकून-मोजून पाहिलं आणि दोन खोल्या धोकादायक म्हणून बंद केल्या. पुढे त्या पाडल्याही. पण त्या आपल्या आपण पडल्या नाहीत, कुणाला इजा झाली नाही, आणि म्हणूनच असेल, गावात बाईंचे आभार कुणी मानले नाहीत. एका बाईनं शाळेचं नाव खराब केलं, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं.

त्यानंतर स्टाफरूमची हवा बदलली. कोण काय बोललं हे संध्याकाळपर्यंत बापूसाहेबांना कळायचं. कोण सांगतं ते कळायचं नाही. आम्ही एकमेकांचे डबे खायचो, पण बोलताना दाराकडे बघायचो. माझ्या मनात चार जणांची नावं होती, आणि त्या चौघांच्या मनात कदाचित माझं असेल. सगळी शाळाच इंगोले बाईंसारखी झाली होती. फरक एवढाच की बाईंचा संशय उघड होता आणि आमचा चोरून.

बाईंच्या हातून आधी प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. मग वेळापत्रकात त्यांचे तास असे पेरले की अकोल्याची बस चुकावी. मग नोटीस आली. तीत तीन आरोप होते. शाळेच्या मालकीच्या काचपट्ट्यांची नासधूस, परवानगीशिवाय मुलांना उन्हात बसवणं आणि संस्थेची बदनामी. नोटीस वाचून बाई एवढंच म्हणाल्या की काचपट्ट्या तीन लिहिल्यात, तुटल्या दोनच.

त्यांना निलंबित करून चौकशी समिती बसवली. बाईंच्या बाजूचा म्हणून जो सदस्य होता तो दोन बैठकांना आलाच नाही. मला साक्षीला बोलावलं. विचारलं, मुलं परवानगीशिवाय बाहेर बसवलेली तुम्ही पाहिली का? मी म्हटलं, बाहेर बसलेली पाहिली. का बसवली होती ते कुणी विचारलं नाही, आणि मी आपणहून सांगितलं नाही. माझ्या मुलाची बारावी होती, यजमानांचं दुकान नीट चालत नव्हतं. कारणं खरी होती. पण खोलीतून बाहेर पडताना बाकावर बसलेल्या बाईंकडे मी बघितलं नाही, हेही खरं आहे.

बडतर्फीचा आदेश रजिस्टर पोस्टानं अकोल्याला त्यांच्या घरी आला. तक्रार केली म्हणून काढतो, असं त्यात अर्थातच कुठे नव्हतं. आदेशावर तारीख होती चार डिसेंबरची. पाकीट हाती पडलं तेवीसला. दुसरा कुणी असता तर त्यानं पाकीट फाडून फेकलं असतं आणि आदेश वाचत रडत बसला असता. बाईंनी आधी पाकीट उजेडात धरलं. पोस्टाचा शिक्का बावीसचा होता. त्यांनी पोस्टमनला दारातच थांबवलं, पाकिटावर आजची तारीख घालून सही करायला लावली, त्याला पाणी दिलं आणि मग बसून आदेश वाचला. चारला लिहिलेला कागद बावीसपर्यंत कुठे होता, हा प्रश्न त्यांच्या मनात तेव्हाच आला.

खाजगी शाळेतल्या माणसाला नोकरीवरून काढलं तर अमरावतीच्या शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. मुदत तीस दिवसांची, आदेश हाती पडल्यापासून. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आमच्या स्टाफरूममध्ये पंधरा माणसं होती, त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

संक्रांतीच्या चार-पाच दिवस आधी काळे सर माझ्या घरी आले. काळे सर आमचे जुने मुख्याध्यापक. बाईंना आणि मलाही त्यांनीच नोकरीवर घेतलं होतं. पांढरं धोतर, हातात काठी, गावात त्यांच्या शब्दाला मान. बाई ज्या एका माणसाचा शब्द सहसा तपासत नसत, ते हे. सर म्हणाले, बापूसाहेब नरमले आहेत. संक्रांत होऊ द्या, चोवीस तारखेला कार्यकारिणीची सभा आहे, तीत आदेश मागे घेतील. फक्त बाईंनी तोपर्यंत कोर्टात जाऊ नये, गेल्या तर लोकांची मनं कडू होतील. तुझं त्या ऐकतील, तू जाऊन सांग.

मला इतका आनंद झाला की दुसऱ्याच दिवशी मी अकोल्याला गेले. सरांच्या घरचे तिळाचे लाडूही सोबत नेले. चौकशीत जे बोलले नव्हते त्याची भरपाई होईल असं वाटत होतं.

बाईंनी चहा केला. लाडू वाटीत काढून मधे ठेवले, उचलला नाही. मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, सभा किती तारखेला? मी सांगितलं, चोवीसला. त्या उठल्या, स्वयंपाकघरात भिंतीवर दिनदर्शिका होती ती खिळ्यावरून काढून आणली, पेन्सिल घेतली आणि एकेका चौकोनावर टोक टेकवत मोजायला लागल्या. तोंडानं नाही, मनात. मी पेन्सिलीकडे बघत राहिले. ती बावीसवर थांबली.

"आज अठरावा दिवस हाय," त्या म्हणाल्या. "तीस बावीसले होते. सभा चोवीसले."

मला समजायला थोडा वेळ लागला. सभेची वाट बघत बसलं असतं तर अपिलाची मुदतच संपली असती.

"हे तुमाले माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही. शपथ घेऊन सांगते, मी मोजलंच नव्हतं.

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही. प्रयोगशाळेत नळीतल्या द्रवाची पातळी बघताना डोळे जसे त्या पातळीला आणावे लागतात, तसं त्या बघत होत्या.

"मले मानाव वाटते तुमचं," त्या म्हणाल्या. "पन आज मले मानता येत नाई, सरोदे मॅडम."

मग त्यांनी एक गोष्ट करायला सांगितली. काळे सरांचं म्हणणं खरं असेल तर बापूसाहेबांनी एका ओळीचं पत्र द्यावं, की सभा होईपर्यंत आदेश स्थगित आहे. मी परत येऊन सरांना सांगितलं. सरांचा चेहरा उतरला. म्हणाले, "माझ्या शब्दाची पोच पाहिजे का तिला?" पत्र आलं नाही. सर त्यानंतर बाईंशी कधी बोलले नाहीत. सरांना तारखांचा हिशेब ठाऊक होता, की त्यांनाही माझ्यासारखंच पुढे केलं होतं, हे मला अजून माहीत नाही. मी अनेकदा दोन्ही बाजूंनी विचार केला. ते दोन वर्षांनी वारले. बाई अंत्ययात्रेला आल्या होत्या, गर्दीच्या मागे उभ्या राहिल्या आणि कुणाशी न बोलता गेल्या.

पुढचं मला त्यांच्या वकिलांकडून नंतर कळलं. वकील दाभाडे, अमरावतीला राजापेठेत एका शिकवणी वर्गाच्या वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. जिना चढताना खालून पाढे म्हटल्यासारखा सूत्रांचा आवाज येतो. दाभाडे सांगत होते, माझ्याकडे लोक चाळिसाव्या, पन्नासाव्या दिवशी येतात. कुणी संस्थेच्या गोड बोलण्यावर थांबलेला, कुणी आजारी, कुणाला मुदतच माहीत नसते. उशीर माफ होऊ शकतो, कारण पटलं तर. पण मग आधी उशिराचं भांडण लढावं लागतं आणि खरं भांडण मागे राहतं. तुमच्या बाई एकोणिसाव्या दिवशी आल्या, आणि मी म्हटलं अजून भरपूर वेळ आहे, तेव्हा माझ्याकडेच संशयानं बघायला लागल्या.

अपील चोविसाव्या दिवशी दाखल झालं. दाभाड्यांचा कारकून म्हणाला, कागद देऊन आलो. बाईंनी त्याला सोबत घेतलं, पुन्हा न्यायाधिकरणात गेल्या आणि अपिलाला क्रमांक पडून तो आपल्या प्रतीवर लिहून मिळेपर्यंत बाकावर बसून राहिल्या. दाभाडे म्हणाले, माझ्या वकिलीत मला इतका राग कुणाचा आला नव्हता.

संस्थेनं उत्तर दिलं ते ऐकून दाभाड्यांचा राग गेला. संस्थेचं म्हणणं, आदेश चार तारखेलाच बाईंना शाळेत बोलावून देऊ केला होता. बाईंनी तो घ्यायला नकार दिला. म्हणजे मुदत चारपासून धरायची, आणि अपील उशिराचं आहे. पुरावा म्हणून एक पंचनामा जोडला होता. 'आमच्या समक्ष आदेश वाचून दाखवण्यात आला व श्रीमती इंगोले यांनी तो स्वीकारण्यास नकार दिला.' खाली शाळेतल्या बारा जणांच्या सह्या. त्यात एक माझी.

दाभाड्यांनी मला अमरावतीला बोलावून ती प्रत दाखवली. सही माझीच होती. असा पंचनामा मी कधी वाचलाही नव्हता. मग आठवलं. त्याच डिसेंबरमध्ये मुख्याध्यापकांनी एका सभेच्या हजेरीसाठी म्हणून कोऱ्या कागदावर आमच्या सह्या घेतल्या होत्या. वरची जागा रिकामी होती. वर मजकूर नंतर लिहू, म्हणाले होते.

दाभाड्यांनी भिंग पुढे सरकवलं. माझ्या सहीच्या रेघेखाली, मुंगीएवढ्या अक्षरात, तारीख होती. अकरा.

कुणीतरी चार तारखेचा पंचनामा बनवला होता आणि त्यातल्या एका साक्षीदारानं सही केली होती अकराला.

मला साक्षीला उभं राहावं लागणार होतं. दाभाडे म्हणाले, समन्स काढतो, पण तुमची इच्छा नसेल तर तुमची साक्ष ढिली होईल, ते मला नको. बाईंनी मला फोन केला नाही, निरोप पाठवला नाही. उलट दाभाड्यांना त्या म्हणाल्या होत्या म्हणे, सरोदे मॅडमवर फार विसंबू नका. हे मला कळलं तेव्हा वाईट वाटलं. पण खोटं म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं. साक्षीच्या आदल्या दिवशी बापूसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं, हात हातात घेतला आणि म्हणाले, तारखा काय, माणसाच्या हातून चुकतात. माझ्या हातून चुकली असं मी सांगितलं असतं तर कुणाला काही झालं नसतं. बाई सोडून.

मार्चमधलं अमरावतीचं ऊन. न्यायाधिकरणात पंखा होता, वारा नव्हता. संस्थेच्या वकिलांनी मला आधी तो जुना प्रश्न विचारला, मुलं बाहेर बसलेली पाहिली होती का. मी हो म्हटलं. या वेळी पुढचंही सांगितलं, की भिंतीवर लावलेली काच तुटली होती म्हणून बसवली होती. ते म्हणाले, विचारलं तेवढंच बोला. मग सहीवर आले.

"तुम्ही काय, प्रत्येक सहीखाली तारीख टाकता?"

मी हो म्हटलं.

"ही सवय कुणी लावली?"

"इंगोले बाईंनी."

ते न्यायाधीशांकडे वळून हसले. म्हणाले, साक्षीदार अपीलकर्तीच्या तालमीतल्या आहेत. मलाच खोटं ठरवायचा तो रस्ता होता, आणि मी आपल्या पायांनी त्यावर चालत गेले होते. न्यायाधीशांनी शाळेचं हजेरीपत्रक मागवलं. पुढच्या तारखेला ते आलं. अनेक वर्षांच्या पानांवर माझ्या प्रत्येक सहीखाली तीच मुंगीएवढी तारीख होती. संस्थेनं तो पंचनामा मागे घेतला. उशिराचा मुद्दा तिथंच संपला आणि खऱ्या भांडणाला सुरुवात झाली.

ते दीड वर्ष चाललं. त्या काळात मला दोन नोटिसा मिळाल्या, एकदा वेतनवाढ अडवली. स्टाफरूममध्ये माझ्याशेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली. शेवटी निकाल बाईंच्या बाजूनं लागला, त्यांना कामावर परत घ्यायचा आदेश झाला. निवृत्तीला तेव्हा आठ महिने राहिले होते. ते त्यांनी पूर्ण केले, एक दिवस रजा न घेता. प्रयोगशाळेची किल्ली परत मिळाली त्या दिवशी त्यांनी आधी सगळ्या बाटल्यांतली द्रव्यं तपासून घेतली. आपण नसताना कुणी काय कशात ओतलं असेल सांगता येत नाही, म्हणाल्या.

एकदा डबा खाताना मी धीर करून विचारलं, माझ्यावर अजून शंका आहे का.

त्यांनी घास संपवला. "हाय थोडी. थे काई जात नाई. कोर्टात तुमी खरं बोलल्या, थे मी आयकलं. पन त्या लाडवाच्या दिवशी काय होतं तुमच्या मनात, थे मले कसं दिसन?" मग आपल्या डब्यातली कोहळ्याची भाजी माझ्या डब्यात वाढून म्हणाल्या, "जेवा."

त्यानंतर मी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. आपल्यावरचा संशय कुणीतरी असा सरळ तोंडावर सांगावा आणि तरीही शेजारी बसून जेवावं, हे माझ्या आयुष्यात दुसऱ्या कुणी केलं नाही. बाकी सगळे विश्वास आहे म्हणाले आणि उठून दुसरीकडे बसले.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी दाभाडे वकिलांच्या मुलीचं अमरावतीला लग्न होतं. आम्हा दोघींना आमंत्रण होतं. जेवणं आटोपून दुपारच्या बसनं आम्ही परत निघालो. मी मूर्तिजापूरला उतरणार, त्या पुढे अकोल्याला. त्या महिन्यात त्या कायमच्या इंदूरला मुलीकडे राहायला जाणार होत्या. सामान बांधून झालं होतं. मुलीनं सांगितलं की तिथं वर खोली आहे, स्वतंत्र, पण ती खरंच स्वतंत्र आहे का ते गेल्यावर कळेल, असं त्या म्हणाल्या.

बडनेरा सुटल्यावर त्या बोलायच्या थांबल्या. थोड्या वेळानं त्यांचं डोकं डुलायला लागलं, दोनदा सावरलं, आणि मग माझ्या खांद्यावर टेकलं. इतकी वर्षं सोबत प्रवास केला, पण बसमध्ये झोपलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. केस खूप पातळ झाले होते. लग्नात माळलेला गजरा एका बाजूला घसरला होता. मी हलले नाही.

मूर्तिजापूर आलं. कंडक्टरनं आवाज दिला, माणसं उतरली. मी बसून राहिले. तो माझ्याकडे बघायला लागला तेव्हा मी बोटानं गप्प राहायची खूण केली आणि अकोल्यापर्यंतचं तिकीट मागितलं.

बोरगाव मंजूच्या आसपास त्यांना जाग आली. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्याकडे.

"मूर्तिजापूर गेलं?"

मी म्हटलं, गेलं.

"तुमी उतरल्या नाई."

मी नाही म्हटलं. आता त्या विचारतील, काहून, म्हणून मी उत्तर शोधायला लागले. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि या वेळी जागेपणी, काहीही न विचारता, डोकं परत माझ्या खांद्यावर टेकवलं.